प्रकाशाच्या पुढे धावण्याची गोष्ट

वाचकहो, एका फजितीपासून सुरुवात करतो. आणि ती फजिती माझी स्वतःचीच आहे.

२०११ चा सप्टेंबर महिना संपत आला होता. कपाशीला बोंडे धरू लागली होती, पाऊस जायच्या बेतात होता, आणि एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी झळकली की, युरोपातल्या प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षाही वेगाने धावले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध वाचनापुरताच. पण त्या दिवशी राहवले नाही. तासाला गेलो, पेशवाईचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘आज इतिहास घडला.’

मागच्या बाकावरून पुसदकडच्या एका पोराने विचारले, “सर, मंग आइन्स्टाइन चुकला म्हना ना!”

मी म्हणालो, “चुकलाच!”

“मंग आता ताऱ्यावर जाता येईन?”

“का नाही येणार?” मी ठोकून दिले.

पाचच महिन्यांत कळले की, चूक आइन्स्टाइनची नव्हती. प्रयोगातल्या एका तारेची जोडणी नीट बसली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे माझे झाले. तो पोरगा परीक्षेच्या दिवसांत व्हरांड्यात भेटला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “सर, आइन्स्टाइन पास झाला म्हन्ते!” त्या एका वाक्याने मला या विषयाच्या मागे लावले. प्रकाशाला मागे टाकण्याच्या कल्पना कोणी मांडल्या, आणि त्यांवर शंका कोणी घेतल्या, याचा इतिहास मी शोधत गेलो. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ही हौस माणसाला का पडते ते पाहू. आपल्याकडे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला गाडी धावत असे. आता ती बंद आहे. पण ज्यांनी तिच्यातून प्रवास केला ते सांगतील की, ११३ किलोमीटरांच्या वाटेत माणसाची शिदोरी संपायची आणि गप्पाही संपायच्या. प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी सेकंदाचा सुमारे अडीच हजारावा हिस्सा पुरतो, कारण त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. नभोवाणीची लहरही त्याच वेगाने तुमच्या घरी येते. चंद्रावरून प्रकाश सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून सुमारे आठ मिनिटांत. पण सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा घ्या. त्याच्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सव्वाचार वर्षे लागतात. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चालले आहे. त्याच वेगाने तेवढे अंतर कापायचे म्हटले तर पाऊण लाख वर्षे हवीत! म्हणजे सगळ्यांत जवळचा शेजारी, आणि त्याच्या दारी जायला अडीच हजार पिढ्या. आता सांगा, प्रकाशाच्या पुढे धावणारे यान हवे असे माणसाला वाटले, तर त्यात नवल काय?

पण या वाटेवर एक वेस आहे. ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने १६७६ मध्ये गुरूच्या एका चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा पाहून दाखवले की, प्रकाशालाही यायला वेळ लागतो. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितले की, हा वेग म्हणजे निसर्गाची मर्यादा आहे. वस्तूला वेग देत जावे, तसतसा पुढचा थोडासा वेग वाढवायला अधिकाधिक ऊर्जा लागते. आणि प्रकाशवेग गाठायचा तर ऊर्जेला अंतच उरत नाही. घाट चढणाऱ्या बैलगाडीचे उदाहरण घ्या. असा घाट कल्पा, जो प्रत्येक पावलाला अधिक उभा होत जातो. बैल कितीही जोडा, माथा येणार नाही. कणांना पळवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांत हे रोज दिसते. कण प्रकाशवेगाच्या अगदी जवळ जातात, पण वेस ओलांडत नाहीत.

या वेशीला पहिली गंभीर बगल दिली ती एका भारतीयाने. केरळात जन्मलेले जॉर्ज सुदर्शन, आणि त्यांच्याबरोबर बिलानियुक व व्ही. के. देशपांडे, अशा तिघांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील भौतिकीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. देशपांडे हे आडनाव वाचून आपले कान टवकारतात. पण आडनाव हा पुरावा नव्हे, पुढे चला! त्यांचा मुद्दा असा : वेस ओलांडता येत नाही हे खरे; पण काही कण जन्मापासूनच वेशीपलीकडचे असतील तर? सुदर्शनांनी दृष्टांत दिला तो आपल्या मातीतला होता. हिमालय चढून कोणी पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून हिमालयाच्या उत्तरेला माणसेच नाहीत, असे कोणी म्हणाले तर ते हास्यास्पद ठरेल. तिकडची माणसे तिकडेच जन्मली! पुढे १९६७ मध्ये जेरल्ड फाइनबर्ग यांनी या कल्पित कणांना ‘टॅकिऑन’ हे नाव दिले.

मग शंकेखोर उभे राहिले. त्यांची शंका वेगाबद्दल नव्हती, वेळेबद्दल होती. सापेक्षतेच्या गणितात प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडता आला, तर योग्य मांडणी करून तो निरोप भूतकाळात पोचवता येतो, हे टोलमन यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. १९७० मध्ये बेनफोर्ड, बुक आणि न्यूकोम्ब या तिघांनी हाच पेच टॅकिऑनांना लावला. समजा, मी सायंकाळी निरोप धाडला, ‘आज सकाळी पेरणी करू नको,’ आणि तो सकाळीच पोचला. मी पेरणी केली नाही. मग सायंकाळी निरोप धाडायचे कारणच उरले नाही. तर तो सकाळी आला कुठून? कारणाच्या आधी कार्य घडू लागले, तर इतिहास शिकवणाऱ्याने तरी काय शिकवावे?

शंका घेऊन लोक घरी बसले नाहीत, हे ध्यानात घ्या. त्यांनी शोधही घेतला. १९६८ मध्ये विद्युत्भारित टॅकिऑनांसाठी प्रयोग झाला. काही सापडले नाही. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोघांना विश्वकिरणांच्या वर्षावात नेहमीपेक्षा आधी आलेले काही संकेत दिसले आणि आशा पालवली. पुढच्या निरीक्षणांनी दुजोरा दिला नाही.

आता या गोष्टीत आपला मराठी माणूस येतो. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्याबरोबर काम केलेले डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने एक लेखक आणि एक शास्त्रज्ञ अशी दोन माणसे एकदम गमावली. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली. आपले नाव पाहून परीक्षकांचे मन झुकू नये, म्हणून टोपणनाव घेतले, नारायण विनायक जगताप. म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी! हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून पत्नीकडून कथा उतरवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मला या प्रसंगात बक्षिसापेक्षा ती खबरदारी मोलाची वाटते. हा माणूस कल्पनेचे घोडे खुशाल सोडत होता. पण निवाडा मात्र नावावर होऊ नये, गुणावर व्हावा, यासाठी स्वतःचीच वाट अवघड करून घेत होता.

त्याच हाताने त्यांनी टॅकिऑनही तपासले. १९७६ मध्ये सुदर्शनांबरोबर त्यांनी विचार केला की, विश्वाच्या आरंभी असे कण निर्माण झाले असतील, तर प्रसरण पावणाऱ्या विश्वात त्यांचे पुढे काय होईल. टॅकिऑनची रीत उलटी : ऊर्जा घटते तसा त्याचा वेग वाढतो. विश्व पसरत जाते, कणाची ऊर्जा झिजत जाते, आणि शेवटी तो अशा टोकाला येतो की पुढे वाटच उरत नाही. त्याच वर्षी संजीव धुरंधर या तरुण संशोधकाबरोबर, टॅकिऑन कृष्णविवरात पडला तर काय होईल, याचे गणित त्यांनी मांडले. कल्पना मोडीत काढायची म्हणून हे चालले नव्हते. तिला खरी मानून शेवटपर्यंत चालत जायचे आणि ती कुठे अडखळते ते पाहायचे, ही त्यांची पद्धत होती. आणि नारळीकर स्वतः कायम बहुमताच्या बाजूचे होते असेही नाही. महास्फोटाच्या सिद्धांतावर त्यांनी जन्मभर शंका घेतली. त्यांच्या पर्यायी सिद्धांतावर इतरांनी शंका घेतल्या; त्यांनी रुसवा धरला नाही, नवे गणित पुढे ठेवले.

याच काळात आकाशातूनच एक साक्ष आली. १९७१ पासून काही क्वासारांच्या अंतरंगातले तुकडे एकमेकांपासून प्रकाशापेक्षा कित्येक पट वेगाने दूर जाताना दुर्बिणींना दिसू लागले. झाले, आता तर डोळ्यांनी पाहिले! पण डोळ्यांनी पाहिलेलेही तपासावे लागते. समजा, नागपूरहून एक माणूस पायी यवतमाळकडे निघाला. निघताना त्याने पत्र टाकले. ते पाच दिवसांनी तुम्हाला मिळाले. तो जवळजवळ टपालाच्याच चालीने चालत राहिला आणि गावाच्या वेशीवर आल्यावर दुसरे पत्र टाकले. ते पहिल्याच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी आले. नुसती पत्रे पाहणाऱ्याला वाटेल, पठ्ठ्याने पाच दिवसांची वाट एका दिवसात कापली! आपल्या रोखाने, प्रकाशाच्या जवळपास वेगाने येणाऱ्या झोताचे असेच होते. आणि मार्टिन रीस यांनी हा भास १९६६ मध्ये, म्हणजे तो दिसण्यापूर्वीच, वर्तवला होता. मुंबईत शशिकुमार चित्रे आणि नारळीकर यांनी १९७९ मध्ये वेगळा खुलासा सुचवला होता. वाटेतल्या आकाशगंगेचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करून ही हालचाल फुगवून दाखवत असेल. आज सर्वमान्य आहे तो झोताचा खुलासा. चित्रे-नारळीकरांचा मागे पडला. पण दोन्ही खुलाशांत एक गोष्ट समान होती : वेस मोडली असे जाहीर करण्याआधी त्यांनी साधे कारण शोधले.

आता प्रत्यक्ष यानाकडे येऊ. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने एक नामी युक्ती मांडली. यान पळवूच नका. यानाभोवतालचे अवकाशच हलवा. पुढचे अवकाश आकसू द्या, मागचे पसरू द्या. सतरंजीवर बसलेल्या मुलाला न हलवता सतरंजीच ओढावी, तसे. मूल जागचे हलत नाही आणि तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. आइन्स्टाइनची समीकरणे याला नाही म्हणत नाहीत.

मग अडचण कुठे आहे? ती अल्कुबिएरे यांनी त्याच लेखात स्वतः नोंदवली होती. या सतरंजीसाठी ऋण ऊर्जा लागते. रिकाम्या पोकळीहूनही उणी. तुम्ही म्हणाल, उणे खाते आम्हा कास्तकारांना नवे नाही! पण निसर्गाची सावकारी फार कडक आहे. सूक्ष्म जगात तो असे कर्ज देतो. मात्र कर्ज जितके मोठे, तितकी मुदत अपुरी. फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ मध्ये या नियमाने हिशेब केला, तेव्हा अल्कुबिएरेंच्या यानाला लागणारी ऋण ऊर्जा दृश्य विश्वातल्या सगळ्या वस्तुमानाच्या मोलापेक्षाही कितीतरी अधिक निघाली. १९९९ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने बुडबुड्याचा आकार हुशारीने बदलून ती काही सूर्यांच्या वस्तुमानाइतकी खाली आणली. पुढे आणखी कमी झाल्याचे, २०२१ मध्ये तर ऋण ऊर्जा लागणारच नाही असेही दावे झाले. आणि प्रत्येक दाव्यामागोमाग आक्षेपही आले. शिवाय एक आक्षेप तर अगदी सरळ आहे. प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या बुडबुड्याच्या पुढच्या कडेला आतला प्रवासी निरोपच पोचवू शकत नाही. मग सतरंजी ओढायची कोणी, आणि थांबवायची कोणी? आणि भूतकाळातल्या निरोपाचा तो जुना पेच इथेही सुटलेला नाही.

आता माझ्या फजितीकडे परत येतो. त्या प्रयोगाचे नाव ऑपेरा. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतून सोडलेले न्यूट्रिनो जमिनीच्या पोटातून ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली टिपले जात. तीन वर्षांत पंधरा हजारांहून अधिक नोंदी झाल्या, आणि हिशेब सांगत होता की, हे कण प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोचतात. ७३० किलोमीटरांच्या शर्यतीत अवघ्या अठरा मीटरांची आघाडी! मला त्या वेळी जे दिसले नाही ते असे : २३ सप्टेंबर २०११ रोजी निकाल जाहीर करताना त्या शास्त्रज्ञांनी ‘आइन्स्टाइन चुकला’ असे म्हटलेच नव्हते. आम्हाला आमची चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असे त्यांनी जगाला सांगितले होते. मथळा छापणाऱ्यांचा होता, आणि ‘चुकलाच’ हा शब्द माझा.

शंका लगेच आल्या. १९८७ मध्ये आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेत एक तारा फुटला होता. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या सुमारे तीन तास आधी पोचले. कारण ते ताऱ्याच्या गाभ्यातून तडक निघाले, आणि प्रकाशाला ताऱ्याचे कवच फुटेपर्यंत थांबावे लागले. ऑपेरातला वेग खरा धरला, तर ते सुमारे चार वर्षे आधी यायला हवे होते. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा बरीच कमी होती, म्हणून ही शंका निर्णायक नव्हती. पण वजनदार होती. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये चूक उघड झाली. उपग्रहाकडून आलेला वेळेचा संकेत घड्याळापर्यंत नेणाऱ्या प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती, आणि तेवढ्याने हिशेब चुकला होता. घड्याळातही एक उलट दिशेची लहान चूक होती. मार्चमध्ये त्याच डोंगराखालच्या इकारस प्रयोगाने स्वतंत्र मोजणी केली. न्यूट्रिनो प्रकाशाच्या वेगानेच आले होते. जूनमध्ये ऑपेरासह चार प्रयोगांनी तेच सांगितले. दरम्यान ऑपेराच्या प्रमुखांनी पद सोडले होते. चूक शोधायला सांगणे सोपे नसते, वाचकहो. त्याची किंमत पडते.

आणि ही गोष्ट आता फार दूरची राहिलेली नाही. पुसद-उमरखेड ओलांडले की आपला शेजारी हिंगोली जिल्हा लागतो. तिथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. १९७६ मध्ये टॅकिऑनांचे गणित करणारे तेच संजीव धुरंधर पुढे गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणिताचे अग्रणी झाले. अशाच परदेशी वेधशाळांनी १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर टिपली, आणि १.७ सेकंदांनी तिथूनच निघालेले गॅमा किरण पोचले. प्रवास सुमारे तेरा कोटी वर्षांचा, आणि अंतर पडले पावणेदोन सेकंदांचे! अवकाशाची स्वतःची थरथरसुद्धा प्रकाशाच्याच वेगाने चालते, याहून मोठी साक्ष कोणती हवी?

मग शंकेखोरांनी स्वप्न मारले म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. आमच्या यवतमाळात शारदाश्रम उभा करणाऱ्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्यांचा अभ्यास केला. पोथी आवडते म्हणून ती खरी ठरत नाही, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तो प्रतीशी प्रत ताडून पाहतो. कारण पोथीवर त्याचा जीव असतो. सुदर्शन, नारळीकर, अल्कुबिएरे आणि ऑपेराची मंडळी यांनी हेच केले. आपल्याच कल्पनेवर पहिली शंका त्यांनी स्वतः घेतली, किंवा दुसऱ्याला घेऊ दिली. जिथे तशी शंका घेऊ देत नाहीत, तिथे मथळे तेवढे उरतात.

म्हणून अशी बातमी पुन्हा येईल, आणि ती येणारच, तेव्हा तीन प्रश्न विचारा. साक्षीदार किती, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? याहून साधे कारण संभवते का? आणि सांगणारा स्वतःची चूक कुठे दिसेल ते सांगतो का? ताम्रपट तपासताना आम्ही हेच विचारतो. ताऱ्याकडे जाणाऱ्या यानालाही हेच विचारावे.

पुसदकडचा तो विद्यार्थी आज स्वतः शाळेत शिकवतो. मध्यंतरी भेटला, तेव्हा त्याने हसत विचारले, “सर, मंग ताऱ्यावर जाता येईन का नाही?” या वेळी मी घाई केली नाही. म्हणालो, “आजच्या ज्ञानाने नाही. पण जो कोणी ‘येईल’ म्हणून गणित घेऊन येईल, त्याला बसायला सतरंजी टाक, चहा दे, आणि गणित तपासून घे.”